दोन चौकटींमधली जागा

आपल्यापैकी अनेकांना इतिहास प्रथम भेटला तो शालेय पुस्तकात नव्हे, चित्रकथेत. अनंत पै यांनी १९६७ साली मुंबईत सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ मराठीतही आली आणि आपल्या मोहल्ल्यांतही पोहोचली. १९७१ सालच्या ‘शिवाजी’ या अंकात आपण अफझलखान पाहिला. इतर अंकांत अकबर, चांदबिबी, रझिया सुलताना भेटल्या. वर्गातले सोबती खानाच्या वधाचा प्रसंग रंगवून सांगत, तेव्हा आपण मान खाली का घालत होतो, हे त्या वयात उमगत नव्हते.

विद्यापीठांनी या पुस्तकांना बराच काळ पोरांची करमणूक मानले. १९९३ साली स्कॉट मॅक्क्लाउड या अमेरिकन चित्रकाराने दाखवून दिले की, दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत वाचक स्वतःच्या मनाने कथा पूर्ण करतो. १९९५ साली गालिबच्या अभ्यासक फ्रान्सिस प्रिचेट यांचा ‘अमर चित्र कथे’वरील निबंध प्रसिद्ध झाला. पुढे २००८ साली नंदिनी चंद्रा यांचा आणि २००९ साली कार्लिन मॅक्लेन यांचा ग्रंथ आला. मॅक्लेन यांनी तर मुसलमानांच्या चित्रणावर स्वतंत्र प्रकरणच लिहिले. एका बाजूला सेक्युलर नायक, दुसऱ्या बाजूला धर्मवेडा खलनायक, असे दोन साचे त्यांनी वाचकांपुढे ठेवले.

आपल्या दृष्टीने या अभ्यासाचे मोल मोठे आहे. आपली लहानपणची अस्वस्थता हा केवळ हळवेपणा नव्हता, हे त्यातून कळते. मात्र तेवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, त्यांच्या पदरी काझी हैदर होता. ही माणसे चौकटीत किती दिसतात, कोणाच्या तोंडी शब्द दिले आहेत, कोण नुसता गर्दीत उभा आहे, हे आपणच तपासायला हवे. राजे आणि सरदार यांच्या या मालिकेत आपल्या गावचा अत्तार, मुलाणी, मोमीन, तांबोळी कुठे आहे, हेही विचारायला हवे.

उद्या घरातले मूल असे पुस्तक घेऊन आले, तर ते हिसकावून घेऊ नये. त्याच्याजवळ बसून पाने उलटावीत आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारावे, “इथे काय घडले असेल, बेटा?”