कोरें वस्त्र आणि धुतलेलें वस्त्र

वस्त्रांचा इतिहास लिहिणारे पंडित बहुधा मागापाशींच थांबतात. सूत कोणतें, रंग कशाचा, व्यापार कोणत्या बंदरांतून, या प्रश्नांचा त्यांनीं पुष्कळ ऊहापोह केला आहे. परंतु वस्त्र अंगावर आल्यानंतर तें किती वर्षें टिकतें आणि कां टिकतें, हा विचार घरांतील बायका व गांवचा परीट यांच्यावर सोंपवून ते मोकळे होतात. वास्तविक वस्त्राचें आयुष्य जितकें विणकराच्या हातीं, तितकेंच धुणाऱ्याच्या हातीं असतें. आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं तरी हा विषय क्षुद्र मानला नव्हता.

म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या चौथ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायांत परिटाविषयींचे नियम आहेत. कपडे लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच धुवावे. अन्यत्र धुऊन वस्त्र बिघडल्यास नुकसान भरून द्यावें आणि वर सहा पण दंड. परिटानें स्वतः मुद्गराची खूण असलेलेंच वस्त्र नेसावें, नाहीं तर तीन पण दंड. गिऱ्हाइकाचे कपडे विकले, भाड्यानें दिले किंवा गहाण टाकले, तर बारा पण. (असा नियम करावा लागला, यावरून ते प्रकार त्या काळीं सर्रास चालत असावेत!) मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत तर फळीचें लांकूडहि सांगितलें आहे: तें सांवरीचें, गुळगुळीत असावें आणि त्यावर परिटानें हळूहळू धुवावें. सांवरीचें लांकूड हलकें व मऊ असतें, हें येथें ध्यानांत घ्यावें.

या नियमांच्या मुळाशीं असलेलें कारण आजचें शास्त्र स्पष्ट करतें. सुती धागा भिजला म्हणजे कोरड्यापेक्षां अधिक बळकट होतो; म्हणून धोतर दगडावर आपटलें तरी तें तत्काळ फाटत नाहीं, आणि आपटणाऱ्याची अशी समजूत होते कीं आपटण्यानें कांहींच बिघडत नाहीं. परंतु खडबडीत दगडावर धाग्याचे तंतू प्रत्येक वेळीं थोडेथोडे झिजतात, वस्त्र विरळ होत जातें आणि एके दिवशीं घडीवरच उसवतें. लोकर आणि कृत्रिम रेशीम यांची गोष्ट उलटी आहे. तीं भिजलीं कीं दुबळीं होतात, आणि म्हणून त्यांस पिळणें हाच मोठा अपाय.

पण आम्हांस याहूनहि मनोरंजक वाटतो तो शास्त्रकारांचा हिशेब. कौटिल्य म्हणतो, पहिल्या धुण्यांत वस्त्राच्या मोलाचा चौथा हिस्सा जातो, दुसऱ्यांत पांचवा. नारदस्मृतींतील कोष्टक सौम्य आहे: एकदां धुतलेल्या वस्त्राचें मोल अष्टमांशानें घटतें, दोनदां धुतल्यास चतुर्थांशानें, तीनदां धुतल्यास तृतीयांशानें, चारदां धुतल्यास निम्म्यानें. पुढें दशा झिजून वस्त्र जीर्ण होईपर्यंत पाव पाव हिस्सा कमी धरीत जावें. आणि एकदां जीर्ण झालें कीं त्याच्या क्षयास नियम नाहीं. चार वेळां धुतल्यानें कोणतेंहि बरें लुगडें निम्मे झिजत नाहीं, हें कोणतीहि गृहिणी सांगेल. तेव्हां शास्त्रकार मोजीत होते ती बाजारांतील किंमत, वस्त्राचें आयुष्य नव्हे. पहिल्या धुण्यांत जातो तो कोरेपणा. धागा जागच्या जागींच असतो. तो पुढें किती दिवस राहील, हें मात्र धुण्याच्या रीतीवर ठरतें. मोल आणि आयुष्य यांतील हें अंतर न ओळखल्यामुळेंच आपण धड वस्त्रास जुनें म्हणून टाकून देतों.

मनूच्याच पांचव्या अध्यायांत रेशीम व लोकर यांस खारी माती, नेपाळी कांबळ्यांस रिठे, क्षौमास पांढऱ्या मोहऱ्या अशीं शुद्धिद्रव्यें दिलीं आहेत. त्यांपैकीं रिठ्याची योजना उत्तम. त्याचा फेस सौम्य असतो. खारी माती मात्र आमच्या मतें चुकली आहे, कारण क्षारानें रेशीम आणि लोकर दोन्हीं खंगतात. पण तें प्रकरण द्रव्यशुद्धीचें, म्हणजे विटाळ घालविण्याचें आहे. टिकाऊपणाचा विचार तेथें नाहींच.

मोल आणि आयुष्य यांचा हा भेद प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, तर ग्रंथ मिटून मुंबईच्या उपनगरांतील गोराईकडे वळावें. बोरिवलीच्या पश्चिमेस खाडीपलीकडील हें गांव. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास अरबी समुद्र. तीन राजांच्या नांवाचें चर्च असलेल्या या गांवीं ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. चहूंकडे पाणी, पण तें धुण्याच्या कामाचें नव्हे. खाऱ्या पाण्यांत साबण फेसाळण्याऐवजीं फुटतो, त्याचा चिकट साका धाग्यांत बसतो. आणि सुकल्यावर मागें राहिलेलें मीठ पावसाळ्यांत हवेंतील ओल ओढून घेऊन बुरशीस आमंत्रण देतें. समुद्रकांठच्या गांवांत गोड्या विहिरीचें महत्त्व केवळ पिण्यापुरतें नसतें, तें असें. या समाजांत लग्नाच्या वेळीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचें पाणी' आणण्याची चाल आहे, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

या समाजांतील स्त्रियांचें चौकड्यांचें सुती लुगडें आतां वृद्धांच्या अंगावर आणि सणालग्नांतच दिसतें. आजीचें लुगडें नात मिरवते. नारदाच्या कोष्टकाप्रमाणें त्याचें मोल केव्हांच संपलें. परंतु असें ठेवणीचें वस्त्र टिकतें तें कांहीं साध्या नियमांनीं: पेटींत ठेवण्यापूर्वीं खळ पूर्ण धुऊन काढावी, कारण कसर खळीच्या वासानें येते, रंगीत वस्त्र सावलींत, उलटें करून वाळवावें, आणि मधूनमधून घडी मोडून दुसरीकडे घालावी, म्हणजे एकाच रेषेवर धागा तुटत नाहीं.

गांवगाड्यांतील परीट बलुतेदार होता. त्यास वर्षाचें धान्य मिळे, नगावर पैसे नव्हते. त्यामुळें घाई करण्याचें त्यास कारण नव्हतें. शहरांत मजुरी नगावर आली आणि घाईहि आली. १७९९ सालीं विलायतेंत निघालेल्या विरंजक चूर्णानें कपडा क्षणांत पांढरा होतो, पण त्या पांढरेपणाची किंमत धागा देतो. १८८८ सालीं सनलाइट साबण हिंदुस्थानांत आला, १९५९ सालीं सर्फची पूड आली, पुढें यंत्रें आलीं. यंत्रास आम्ही दोष देत नाहीं. दिवसभर धुण्याशीं वांकलेल्या बायकांची पाठ त्यानें सोडविली. मात्र तासभर घातलेला सदरा मळला नसतांनाहि त्यांत टाकण्याची जी संवय त्याबरोबर जडली, तिचें समर्थन करवत नाहीं.

आपल्या घरांत लुगडें मध्यें विरलें कीं तेवढा भाग काढून दोन धड तुकडे जोडीत. त्यास दंड घालणें म्हणत. दंडाचें लुगडें विरलें म्हणजे त्याचीं दुपटीं होत, आणि दुपटीं विरलीं म्हणजे तीं गोधडीच्या पोटांत जात.