मॉडेल रेल्वे: वाघिणीची चौकट आणि ब्रेक स्वतः कसे घडवतात?

तयार संच न वापरता शीट, तार आणि पट्ट्या कापून मॉडेल घडवण्याला 'स्क्रॅच बिल्डिंग' म्हणतात. मालगाडीच्या वाघिणीची पेटी बनवणं तसं सोपं; खरा कस लागतो तो तिच्या खाली. ब्रिटनच्या रेल्वे क्लिअरिंग हाऊसच्या 1923 च्या मानकाची 12 टनी कोळसा वाघीण हे त्याचं चांगलं उदाहरण.

मापं कशी ठरतात?

ब्रिटनमध्ये लोकप्रिय असलेल्या 'डबल ओ' मॉडेलमध्ये 1 फूट म्हणजे 4 मिमी. म्हणून साडेसोळा फुटांची चौकट 66 मिमी होते आणि दोन आसांमधलं 9 फूट अंतर 36 मिमी.

चौकट सरळ कशी ठेवायची?

पॉलिस्टायरीनच्या दोन लांब आणि दोन आडव्या पट्ट्या सपाट काचेवर, गुण्या लावून चिकटवतात. आसांची टोकदार टोकं पितळेच्या छोट्या वाट्यांत फिरतात. दोन्ही आस समांतर हवेत आणि चारही चाकं काचेला टेकायला हवीत. एक चाक जरी अधांतरी राहिलं, तरी रुळांच्या सांध्यावर वाघीण घसरू शकते. म्हणून अनेक जण एक आस पक्का ठेवतात आणि दुसरा मध्यावर किंचित डुलता ठेवतात.

ब्रेकचा दांडा उजवीकडेच का?

यार्डात ब्रेक लावणारा कामगार वाघिणींमधून पलीकडे जाताना चिरडला जाण्याचा धोका असे. 1911 च्या सुरक्षा नियमांनी वाघिणीला दोन्ही बाजूंनी ब्रेक लावता येणं बंधनकारक केलं. कुठल्याही बाजूने समोर उभं राहिलं, तरी दांड्याचं टोक उजव्या हाताला येतं. त्यामुळे मॉडेल उलटं करून पाहिल्यास दोन दांडे तिरपे, समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे दिसायला हवेत.

सळ्या कुठे जोडायच्या?

दांडा खाली दाबला की मधला छोटा अक्ष घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यावरच्या पट्टीचं वरचं टोक उजवीकडे जातं, खालचं डावीकडे. म्हणून उजव्या ब्रेकची सळई वरच्या टोकाला आणि डाव्याची खालच्या टोकाला जोडतात. तेव्हाच दोन्ही ठोकळे आतून चाकांवर दाबले जातात. दोन्ही सळ्या एकाच सरळ रेषेत चिकटवल्या, तर खऱ्या वाघिणीत तो ब्रेक लागलाच नसता.

शेवटची दोन पथ्यं

'डबल ओ'चे रूळ 16.5 मिमी अंतरावर असतात. प्रमाणात ते 18.83 मिमी हवे होते. म्हणून ठोकळे नकाशाबरहुकूम न बसवता चाकांच्या रेषेत थोडे आत घ्यावे लागतात. ते चाकाला घासू नयेत, आणि शक्यतो प्लॅस्टिकचेच असावेत. दोन्ही बाजूंचे धातूचे ठोकळे एकमेकांना जोडलेले असून चाकांना टेकले, तर रुळांवर शॉर्ट सर्किट होतं.