दुर्बीण, सुई आणि यंत्रहस्त

पोटाची दुखणी पुरातन असली, तरी जठरात डोकावून पाहण्याची विद्या अवघ्या दीडशे वर्षांची आहे. 1868 च्या सुमारास जर्मनीतील फ्रायबर्ग येथे डॉ. अडॉल्फ कुसमॉल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका कलावंताच्या घशातून सरळ, पोकळ नळी जठरापर्यंत उतरविली. उजेड अपुरा पडला; परंतु मार्ग सापडला. 1932 मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी काहीशी वाकणारी दुर्बीण सिद्ध केली. 1957 मध्ये अमेरिकेत बॅसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण प्रथम स्वतःच्याच घशात उतरविली.

नळी लवचिक झाली तसा धोका घटला, पण नाहीसा झाला नाही. साध्या तपासणीत अन्ननलिकेला छिद्र पडणे आज अत्यंत विरळ आहे. अरुंद अन्ननलिका रुंदावणे, पित्तनलिकेचे तोंड कापून खडे काढणे अशा उपचारांत मात्र छिद्राचा संभव अधिक असतो. अन्ननलिकेवर जठरासारखे बाहेरचे चिवट आवरण नसते. छिद्रातून लाळ व जंतू छातीच्या पोकळीत उतरतात आणि काही तासांतच कडा सुजून ठिसूळ होतात. जीर्ण वस्त्राला घातलेला टाका जसा वस्त्रच फाडून निघतो, तशीच स्थिती येथे होते. म्हणूनच वेळेला मोल आहे.

वांतीच्या जोराने अन्ननलिका फाटून मरण पावलेल्या एका डच नौसेनापतीची हकीकत हर्मन बोअरहाव्ह यांनी 1724 मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा या व्याधीवर उपायच नव्हता. तशीच फाटलेली अन्ननलिका इंग्लंडमध्ये नॉर्मन बॅरेट यांनी 1947 मध्ये यशस्वीपणे शिवली. म्हणजे मध्ये दोन शतकांहून अधिक काळ लोटला. त्यासाठी छाती उघडावी लागे.

पुढे लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया करण्याचे युग आले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये भारतात प्रथमच या पद्धतीने पित्ताशय काढले. पण सरळ दांड्यांच्या उपकरणांना मनगट नसते. खोल, अरुंद जागी टाका घालणे कठीण जाते. ही उणीव यंत्रहस्ताने भरून काढली. जुलै 2000 मध्ये अमेरिकेत ‘दा विंची’ यंत्रास पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळाली. शल्यविशारद बाजूच्या आसनावर बसून त्रिमितीय दृश्य पाहतो. त्याच्या बोटांची हालचाल यंत्राची वळणारी टोके करतात आणि हाताचा कंप गाळला जातो. यंत्र स्वतःहून काहीही ठरवीत नाही.

अनेक छिद्रे आज दुर्बिणीतूनच चिमटे लावून वा जाळीची नळी बसवून बुजविली जातात. जी उरतात, त्यांतील निवडक रुग्णांना यंत्रहस्ताचा लाभ होतो. जंतुसंसर्ग पसरून रक्तदाब ढासळलेल्या रुग्णासाठी मात्र पुष्कळदा जुनी, उघडी शस्त्रक्रियाच करावी लागते.

यंत्राने टाका सुबक झाला. परंतु गेलेले तास ते परत आणू शकत नाही. म्हणून वाचकहो, दुर्बीण तपासणीनंतर छातीत वा पोटात तीव्र वेदना, ताप, धाप किंवा मानेवर सूज जाणवल्यास ‘उद्या पाहू’ असे म्हणू नये. त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.