बिशप नेमायचा कोणी?

कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली यांचे नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्या पदावर प्रथमच स्त्री आली, याची चर्चा पुष्कळ झाली. नेमणुकीला संमती मात्र अजून राजाचीच लागते! आपल्याकडे ती प्रथा १९३० सालीच सुटली.

मुंबईचे पहिले बिशप थॉमस कार १८३७ साली नेमले गेले, ते इंग्लंडच्या राजसत्तेच्या हुकमाने. कान्हे, लोणावळा, पुणे हा सारा मुलूख त्यांच्याच धर्मप्रांतात. पुढे एडविन पामर या बिशपांनीच चर्चला सरकारी दावणीतून सोडवण्याचा आग्रह धरला. १९२७ साली कायदा झाला आणि १९३० पासून इथले चर्च आपले बिशप स्वतः निवडू लागले.

१९४७ साली बिशप झालेले विल्यम लॅश हे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाचे आचार्य. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये काढलेल्या या संघाचा आश्रम शिवाजीनगरला. तिथे खादी, साधी राहणी. लॅश आश्रमातले खरे, पण इंग्रजच! निवडीचा हक्क आला, तरी खुर्चीत देशी माणूस बसायला वेळ लागला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. कँटरबरीच्या कुटुंबात ते आजही आहे, पण पुण्या-मुंबईचे बिशप ठरवताना तिकडे विचारावे लागत नाही.