गाठ काढायची की सगळा स्तन?

कुरुंदवाडला आमच्या मोहल्ल्यात फुफीच्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. गाठ तिने वर्षभर पदराआड लपवली. मग सगळा स्तन काढावा लागला.

शेजारच्या मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं रुग्णालय सुरू झालं ते १८९४ साली. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. हॉलस्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. जास्त कापलं की जास्त सुरक्षित, ही समजूत पुढे पाऊणशे वर्षं टिकली. १९७३ ते १९८० या काळात मिलानच्या डॉ. वेरोनेसींनी लहान गाठ असलेल्या ७०१ बायकांचे दोन गट केले. एका गटाचा सगळा स्तन काढला. दुसऱ्या गटात गाठीसह स्तनाचा चौथा हिस्साच काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांनंतरही दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. आज मुंबईच्या टाटा रुग्णालयातही स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया होते.

पण गाठ लहान असतानाच हे सहज जमतं. हया ईमानाचा भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इलाजासाठी डॉक्टरला दाखवण्याला मात्र शरियतची मनाई नाही. जुम्म्याच्या बयानात हेही सांगितलं जावं.