सक्युलंट का कुजतात? कोरड्या हवेतही मुळं सडण्याचं कारण आणि उपाय

अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जत तालुका पर्जन्यछायेत येतो. इथल्या बांधावरची कोरफड आणि माळावरचा निवडुंग पाण्याशिवाय महिनोन्‌महिने तग धरतात. मग नर्सरीतून हौसेनं आणलेली एचेव्हेरिया किंवा हॉवर्थिया दोन महिन्यांत बुडापासून मऊ का पडते? कारण सडण्याचा संबंध हवेपेक्षा कुंडीतल्या मातीशी जास्त आहे.

मुळं सडतात म्हणजे काय होतं?

सक्युलंट पानांत आणि खोडात पाणी साठवतात. बहुतेकांची पर्णरंध्रं दिवसा बंद असतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे पाणी फार हळू खर्च होतं. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरून मरतात आणि फ्युजेरियमसारखी बुरशी त्यांच्यात शिरते. मूळ मेलं की पान सुरकुततं. घरातल्यांना वाटतं झाड तहानलंय, म्हणून आणखी पाणी घातलं जातं. बरीच झाडं इथेच जातात.

ओळखायचं कसं? तहानलेलं पान सुरकुतलं तरी चिवट राहतं आणि माती कोरडी असते. कुजणारं पान पिवळट, काचेसारखं पारदर्शक होतं आणि हात लावताच गळतं.

काळी माती कुंडीत नको

भीमा आणि सीना नद्यांच्या काठची काळी माती रब्बी ज्वारीला उत्तम, कारण ती ओल धरून ठेवते. नेमका हाच गुण कुंडीत घातक ठरतो. नर्सरीतलं नुसतं कोकोपीटही तसंच. त्याऐवजी दोन भाग चाळून धुतलेला बारीक मुरूम किंवा विटांचे तुकडे आणि एक भाग माती व पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण करावं. मुरूम तर इथे दारातच मिळतो.

कुंडी मातीची, तळाला भोक असलेली हवी. तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं आणि ओल मुळांच्या आणखी जवळ येते.

शिंदळ माकुडी ही महाराष्ट्रातली प्रदेशनिष्ठ वनस्पती शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा ठिकाणी कड्याच्या कपारीत वाढते. तिथे पाऊस भरपूर, पण पाणी थांबत नाही. (ती दुर्मीळ आहे, किल्ल्यावरून उपटून आणू नये.)

पाणी कधी द्यायचं?

वार ठरवून नाही. लाकडी काडी तळापर्यंत खुपसावी. ती कोरडी निघाली तरच भरपूर पाणी द्यावं, आणि बशीत साचलेलं ओतून टाकावं.

एप्रिल-मेच्या कडक उन्हात जास्त पाणी लागतं असं वाटतं, पण एचेव्हेरियासारखी थंड डोंगराळ भागातली झाडं तेव्हा जवळजवळ थांबलेली असतात. तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी म्हणजे मुळं उकडणंच. तेव्हा सावली द्यावी, आणि पाणी थोडं, तेही संध्याकाळी. कर्जतकडे सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो. त्या दिवसांत कुंड्या पत्र्याखाली, पण उजेडात ठेवाव्यात.

सडायला लागलंच तर

झाड लगेच कुंडीतून काढावं. स्पिरिटनं पुसलेल्या चाकूनं खोड वरवर कापत जावं, आतला गर स्वच्छ, एकही तपकिरी ठिपका नसलेला दिसेपर्यंत. ठिपका उरला तर वर कितीही हळद फासली तरी कूज पुढे सरकते. कापलेला शेंडा सावलीत पाच-सात दिवस उघडा ठेवावा. जखम सुकून खपली धरली की कोरड्या मिश्रणात खोचावा. पहिलं पाणी आठवड्यानंतर द्यावं. जुनी माती दुसऱ्या सक्युलंटला वापरू नये.