मुहियाबाद, मलिक आणि मुजुमदार : पुण्यातील अरबी नावांचा माग

पुण्याच्या पेठांना वारांची नावे मिळाली ती पेशवाईत. त्याआधी रविवार पेठ मलकापूर होती, सोमवार पेठ शहापूर, शनिवार पेठ मुर्तजाबाद आणि बुधवार पेठ मुहियाबाद. या सर्वांहून जुना तो कसबा. जुन्या कागदांत गावाचा उल्लेखच 'कसबे पुणे' असा येतो. कसबा हा शब्द अरबी. आपल्याकडे त्याचा अर्थ परगण्याचे मुख्य गाव. तोच शब्द उत्तर आफ्रिकेत गेला आणि तिथे त्याचा अर्थ झाला गढी किंवा तटबंदीतली वस्ती. अल्जीअर्सचा कसबा जगप्रसिद्ध आहे. म्हणजे कसबा गणपतीला दर्शनाला जाणारा पुणेकर आणि अल्जीअर्सच्या चढणीवरचा दुकानदार आपापल्या वस्तीला एकाच नावाने ओळखतात. एकाला दुसऱ्याची खबर नाही, एवढेच.

गेली पंचवीस-एक वर्षे मी नोकरी सांभाळून मोडी कागद वाचतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. मोडी शिकलो वर्गात, फारसी-अरबी शब्दांची ओळख करून घेतली ती कोशांच्या आधाराने. त्यात माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियनांचा, १९२५ सालचा 'फार्शी-मराठी कोश' कायम हाताशी. या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. अरबी नाव आणि अरबी पदवी यांत आपण फरक करत नाही, आणि त्यामुळे वेगवेगळी माणसे एक होतात किंवा एका माणसाची दोन होतात. पुण्याच्या नावांपासूनच त्याचा उलगडा करता येतो.

मुहियाबाद घ्या. औरंगजेबाचा मुक्काम १७०३ मध्ये पुण्यात होता. त्या मुक्कामात त्याचा नातू, शाहजादा कामबक्षाचा मुलगा मुहि-उल-मिल्लत, इथे वारला. त्याच्या स्मरणार्थ पुण्याला मुहियाबाद हे नाव दिले गेले आणि पुढे ते बुधवार पेठेपुरते उरले. 'मुहि' म्हणजे जिवंत करणारा. निवृत्तिवेतन घेणारे दर नोव्हेंबरात बँकेत 'हयातीचा दाखला' देतात, त्या 'हयात'चा आणि 'मुहि'चा धातू एकच. मिल्लत म्हणजे धर्मसमाज. समाजाला संजीवनी देणारा असे नाव ठेवलेला मुलगा लहानपणीच गेला आणि त्याचे नाव गावाला चिकटले.

आता गुंता पाहा. खुद्द औरंगजेबाचे नाव मुहिउद्दीन मुहम्मद. मुहिउद्दीन म्हणजे धर्माला संजीवनी देणारा. तेव्हा मुहियाबाद हे आजोबाचे की नातवाचे, असा प्रश्न नुसत्या नावावरून सुटत नाही. बगदादचे सूफी सत्पुरुष अब्दुल कादिर जिलानी (मृत्यू ११६६) यांची उपाधी मुहिउद्दीन. दमास्कसला १२४० मध्ये वारलेले तत्त्वज्ञ इब्न अरबी हेही मुहिउद्दीनच. थोरांची उपाधी मुलाला नाव म्हणून द्यायची, हा रिवाज शतकानुशतके चालला.

या नावाचा पुण्याशी आणखी एकदा संबंध आला. नोव्हेंबर १७५९ मध्ये दिल्लीत वजीर इमाद-उल-मुल्कने बादशहा दुसऱ्या आलमगीराचा खून करवला आणि कामबक्षाच्या नातवाला तख्तावर बसवले. तो तिसरा शाहजहान. त्याचे मूळ नावही मुहि-उल-मिल्लत. ऑक्टोबर १७६० मध्ये त्याला तख्तावरून उतरवले ते सदाशिवराव भाऊंनी. ज्यांच्या नावाची पेठ आज पुण्यात आहे त्या भाऊंनी दिल्लीत पदच्युत केलेल्या बादशहाचे नाव आणि पुण्याने कधीकाळी धारण केलेले नाव एकाच घराण्यातले, एकाच शब्दाचे. मात्र माणसे दोन. कामबक्षाचा मुलगा वेगळा, नातू वेगळा. सालाकडे लक्ष दिले नाही, तर पुण्यात वारलेला मुलगा छप्पन्न वर्षांनी दिल्लीच्या तख्तावर बसलेला दिसेल.

अरबी नावाची घडण समजली की असे घोटाळे टळतात. माणसाचे मूळ नाव एक. बापाचे किंवा मुलाचे नाव जोडून होणारे दुसरे. गावावरून किंवा कुळावरून पडणारे तिसरे. आणि मानाची उपाधी चौथी. दख्खनच्या आणि मोगलांच्या दरबारांत ही उपाधीच माणसाचे नाव होऊन बसे, आणि तो मेला किंवा बढती पावला की ती दुसऱ्याला देता येई. प्रतापगडाखाली १६५९ मध्ये मारला गेलेला अफजलखान मूळचा अब्दुल्ला. शहाजहानच्या दरबारात त्याच्या थोडा आधी दुसरा अफजलखान होता, शिराजचा मुल्ला शुक्रुल्ला, बादशहाचा दिवाण. संभाजी महाराजांना कैद करणारा मुकर्रबखान म्हणजे शेख निजाम. जहांगीराच्या काळात सुरतेचा कारभार पाहणारा मुकर्रबखान हा त्याआधीचा, पेशाने वैद्य. नाव सारखे, काळ वेगळा, माणूस वेगळा.

पण आपल्याकडे सर्वांत खोल रुजलेला घोटाळा 'निजाम' या शब्दाचा. शाळेत निजामशाही शिकलेला मुलगा पुढे हैदराबादचा निजाम वाचतो आणि दोन्ही एकाच घराण्यातले समजतो. व्याख्यानांना येणारी चांगली वाचलेली माणसेही मला हा प्रश्न विचारतात. निजाम-उल-मुल्क म्हणजे राज्याची व्यवस्था लावणारा. ही पदवी अकराव्या शतकात सेल्जुक सुलतानांच्या प्रसिद्ध वजिराला होती. तो १०९२ मध्ये मारला गेला. बहामनी दरबारात ती मलिक हसन बहरीला मिळाली. हा मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरातला, असे फिरिश्ता सांगतो. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला आणि बापाच्या पदवीवरून निजामशाही उभी राहिली. ती १६३६ मध्ये संपली. हैदराबादच्या घराण्याचा मूळपुरुष चिन किलिजखान. त्याला तीच पदवी मोगल बादशहाकडून मिळाली आणि १७२४ मध्ये तो दख्खनचा धनी झाला. पालखेडला १७२८ मध्ये थोरल्या बाजीरावांनी अडवला तो हा निजाम. दोन घराण्यांत रक्ताचे नाते नाही, मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. सामाईक आहे ती पदवी. वर आलेला दिल्लीचा वजीर इमाद-उल-मुल्क हा या हैदराबादच्या निजामाचा नातू. पण वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही इमाद-उल-मुल्कच. बहामनी राज्य फुटून झालेल्या शाह्या अशा पदव्यांवरून ओळखल्या गेल्या.

शनिवार पेठेचे मुर्तजाबादही याच जातीचे. मुर्तजा म्हणजे पसंतीस उतरलेला. ही हजरत अलींची उपाधी. निजामशाहीत मुर्तजा नावाचे तीन सुलतान झाले. तिसऱ्याला, अजाण मुलाला, शहाजीराजांनी १६३३ मध्ये पेमगिरीवर गादीवर बसवले. मुर्तजाबाद हे नाव वाचून या तिघांपैकी एकाकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. पण नावात अलींची भक्ती आहे एवढेच नाव सांगते. सुलतान कोणता हे सांगत नाही. पुण्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरात मुजफ्फरजंग नावाची एक छोटी पेठ आहे. मुजफ्फरजंग म्हणजे लढाईत विजयी. हैदराबादच्या गादीवर १७५०-५१ मध्ये काही महिने बसलेला मुजफ्फरजंग आहे, पेशव्यांच्या पदरी मुजफ्फरखान गारदी आहे, आणि औरंगजेबाच्या लांबलचक नावातही 'अबुल मुजफ्फर' आहे. पेठ यांपैकी कुणाच्या पदरात टाकायची असेल, तर सनद हवी, निदान तारीख हवी. नावाचे साम्य हा पुरावा नव्हे.

मलकापूरच्या पोटात 'मलिक' दिसतो. या नावाची गावे बुलढाण्यात आहेत, कोल्हापुरात शाहूवाडीजवळ आहेत. मलिक म्हणजे राजा किंवा सरदार. त्याच धातूपासून आपला 'मालक' आला आणि 'मुलूख'ही. त्याच धातूचा आणखी एक शब्द 'ममलूक', म्हणजे मालकीचा, गुलाम. हबसाणातून विकला गेलेला एक मुलगा हातोहात फिरत अहमदनगरच्या दरबारी आला. त्याला विकत घेणाऱ्या निजामशाही पेशव्याचे नाव चंगेजखान होते. मंगोल चंगेजाशी त्याचा काही संबंध नव्हता, तीही उपाधीच. हा गुलाम पुढे मलिक अंबर झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत त्याने मोगलांना दख्खनेत पाय रोवू दिला नाही. ममलूक ते मलिक हा त्याचा प्रवास एकाच धातूच्या दोन टोकांमधला.

नावे माणसांवरून गावांवर गेली, तशी हुद्द्यांवरून आडनावांवर आली. कसब्यात सरदार मुजुमदारांचा वाडा आहे. मुजुमदार म्हणजे 'मजमूअ-दार', जमाखर्चाचा एकत्रित हिशेब ठेवणारा. जमा, जमाव, जमात, जमाबंदी हे सगळे त्याच धातूचे. बंगालमध्ये हेच आडनाव मजुमदार होऊन नांदते. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार त्याच हुद्द्याचे वारस. पुण्याचा मुजुमदार आणि ढाक्याचा मजुमदार यांचे कुळ वेगळे, भाषा वेगळी, वही एक. नाना फडणवीस मूळचे बाळाजी जनार्दन भानू. फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा कागद, तो लिहिणारा फर्दनवीस. आज भानू हे आडनाव सांगितले तर किती जणांना नाना आठवतील?

सन १६७४ च्या राज्याभिषेकात शिवाजी महाराजांनी हुद्द्यांची नावे जाणीवपूर्वक बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. स्वतःच्या राज्याची भाषा स्वतः ठरवण्याचा तो निर्णय होता, आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण परिणाम मजेशीर झाला. जुनी नावे गेली नाहीत, नवीही टिकली. आज महाराष्ट्रात मुजुमदार आहेत आणि अमात्यही. वाकनीस आहेत आणि मंत्रीही. डबीर आहेत आणि सुमंतही. एकाच खुर्चीवर बसलेल्या दोन काळांची आडनावे शेजारी शेजारी राहतात. ज्या माधव जूलियनांनी फारसीचा कोश केला, त्यांनीच पुढे भाषाशुद्धीची बाजू घेतली. परके शब्द वगळायचे, तर आधी ते ओळखता यायला हवेत.

हा विषय आता नुसता कागदांचा राहिलेला नाही. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. नाव ठेवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार सत्ता नेहमीच वापरत आली आहे; औरंगजेबाने तो पुण्यावर वापरला, पुण्याने नंतर तो पुसून टाकला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काळजी वेगळी आहे. एका व्याख्यानानंतर एक तरुण इनामदार मला भेटला. आपले आडनाव अरबी निघाले, म्हणून तो अस्वस्थ होता. बदलावे का, असे विचारत होता. मी त्याला सांगितले, की इनाम म्हणजे दिलेली जमीन. ती ब्राह्मणाला मिळाली, मराठ्याला मिळाली, मुसलमानाला मिळाली. म्हणून तिन्ही घरांत इनामदार आहेत. ते आडनाव धर्म सांगत नाही, सनद सांगते. ते बदलले, तर त्याच्या पूर्वजांचा कागद पेशवे दफ्तरात असेलही, पण त्याच्या नातवाला तो आपला म्हणून ओळखता येणार नाही. तो काही बोलला नाही. पुढे महिनाभराने मोडीच्या वर्गाची चौकशी करायला त्याचा फोन आला.

नाव वाचताना मी तीन प्रश्न विचारतो: साल कोणते, पदवीच्या मागे मूळ नाव काय, आणि ती दिली कोणत्या दरबाराने. तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत दोन सारख्या नावांची गाठ मारायची नाही. हे काम पुण्याच्या वेशीवरही करता येते. शहराभोवतीच्या गावांच्या सातबाऱ्यावर आजही 'तालुका हवेली' छापलेले असते. पुष्कळांना वाटते, इथे कुणाची तरी मोठी हवेली असणार. कारभाराच्या जुन्या भाषेत ठाण्याभोवतालच्या, ठाण्याला जोडलेल्या मुलखाला हवेली म्हणत. अरबी 'हवाली' म्हणजे आसपासचा प्रदेश. वाडा शोधायला निघालेल्याला तिथे वाडा सापडणार नाही. सापडतील ती पुण्याच्या आसपासची गावे, आणि त्यांच्या उताऱ्यांवर इनामदार, मुजावर, मुलाणी आणि हवालदार.